नवसाला नियम नाही

श्रावणातला रविवार, रात्री उशिरा

इंद्राला हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, किती द्यावेत? १९८० साली डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवून फाशांवर खेळायच्या खेळासाठी ‘डीइटीज अँड डेमीगॉड्स’ हे देवांचं पुस्तक काढणाऱ्यांनी या प्रश्नाचं बेधडक उत्तर देऊन टाकलं. ग्रीक आणि नॉर्स देवांच्या पंगतीत आपले इंद्र, अग्नी, वरुण, काली, यमही बसलेत. प्रत्येकापुढे आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड त्याचा आकडा), हिट पॉइंट, आणि बड्या देवांना थेट ४००. आकडा दिसला की खेळणाऱ्याला भक्ती सुचत नाही, हा किती वारांत पडेल हे सुचतं. त्याच वर्षी या खेळासाठी आलेल्या एका तयार कथानकात कोळ्यांची राणी लॉल्थ (जाळं विणणारे कोळी, मासे धरणारे नव्हेत) अवघ्या ६६ हिट पॉइंटांची होती. मला या पुस्तकाचा राग येत नाही, गंमत वाटते. पण त्यातला देव कुठल्या घाटावरचा, कुणाच्या घरचा, याचा पत्ता लागत नाही.

गोदेला पूर आला की नाशकात पाणी किती चढलं ते दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. कमरेला लागलं, छातीला लागलं. तो पूर अडवत नाही, कुणी तशी अपेक्षाही करत नाही. नुसता उभा असतो आणि अख्खं शहर त्याच्याकडे बघून सामान माडीवर हलवतं. याला कुठला आर्मर क्लास लावायचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या बहुतेक जगांत देव आहे की नाही हा वादच नसतो. क्लेरिकने (देवाच्या नावाने मंत्र चालवणारं पात्र) सकाळी प्रार्थना केली की मंत्र मिळतात, जखमा भरतात. तिथे नास्तिक होणं म्हणजे पावसात उभं राहून पाऊस नाही म्हणणं. मग श्रद्धेला काम काय उरतं? फक्त कुणाच्या बाजूने लढायचं ते ठरवायचं. १९७८ च्या रूनक्वेस्ट या दुसऱ्या खेळात हे जरा बरं आहे. त्यात ग्लोरँथाच्या जगातला साधा शेतकरीही कुठल्यातरी पंथाचा असतो, पंथाचे सण, बंधनं, वैरं पाळतो. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. पण माझा जीव डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच एबेरॉन या जगावर. २००४ मध्ये आलेल्या त्या जगात देव प्रत्यक्ष भेटायला येत नाहीत. क्लेरिकला मंत्र मिळतात, पण देणारा कोण हे छातीठोक सांगता येत नाही. शंकेला जागा आहे, म्हणून श्रद्धेलाही.

हे सगळं आज डोक्यात आलं ते मावसभावामुळे. डाव मैत्रिणीकडे गंगापूर रोडला, डीएम (गोष्ट सांगून खेळ चालवणारी) मी. त्याचा क्लेरिक दहाव्या लेव्हलला पोचलाय. २०१४ च्या नियमांत त्या लेव्हलपासून देवाला थेट हाक मारता येते: शंभराचे फासे टाकायचे, आकडा आपल्या लेव्हलइतका किंवा खाली आला तर देव धावतो. म्हणजे शंभरात १० संधी. धावला तर पुढचे सात दिवस पुन्हा बोलवायचं नाही. पूल कोसळलेला, सोबती नदीत. याला पडले ६२.

“मग नवस बोलतो,” म्हणाला. “हा वाचला तर पुढच्या गावात देऊळ बांधीन.”

नियमांच्या पुस्तकात नवस नाही. तिथे सेवा आधी, मंत्र नंतर. नवसात सगळं उधारीवर. मी फासे टाकायला सांगितलंच नाही. खाली वळणावर एका नावाड्याने सोबत्याला केसांना धरून बाहेर ओढला, एवढंच सांगितलं.

त्यावरून पुढचा तासभर लढाई राहिली बाजूला. विझार्ड (जादूगार) खेळणारी मैत्रीण म्हणते, नावाड्याने वाचवलं, देऊळ कसलं? पैसे त्याला द्या. मावसभाऊ म्हणतो, नावाडी नेमका तिथेच कसा आला? दोघंही माझ्याकडे बघत होते आणि मी चहा पीत होते. खरं काय ते मी ठरवलेलंच नाही, ठरवणारही नाही. शेवटी सोन्याची नाणी मोजून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, “ताई, देवळाऐवजी घुमटी चालेल का?”