गप्प बसवलेली पर्ल

आमच्या टीममध्ये पर्ल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा लिहिणारा मी एकटाच उरलोय. त्यामुळे टोमणे अंगवळणी पडलेत. ते मारणारा पायथन या दुसऱ्या भाषेत लिहितो, म्हणून त्याला आपण पायथनकर म्हणू. माणूस हुशार, कोड नीटनेटका, टेस्ट वेळच्या वेळी. फक्त माझ्या स्क्रीनवर पर्लच्या नावांआधी लागणारा `$` किंवा `@` दिसला की त्याची जीभ वळवळायला लागते. "काय रे, मांजर चालत गेलं का कीबोर्डवरून?" हा रोजचा. "पर्ल लिहिता येते, वाचता येत नाही" हा जगभर वापरून गुळगुळीत झालेला. ठेवणीतला म्हणजे पर्ल ६ या नव्या पिढीच्या पर्लचा. घोषणा २००० साली, पहिली आवृत्ती २०१५ च्या डिसेंबरात आणि २०१९ मध्ये नावच बदलून राकू. "तुमच्यात बारशाला एकोणीस वर्षं लागतात," असं तो नव्या पोरांना रंगवून सांगतो.

माझीही उत्तरं ठरलेली आहेत. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनवाल्या (म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या) मॉड्यूलची अधिकृत माहिती उघडली की पहिल्याच वाक्यात पर्लचं नाव येतं: पर्लमध्ये असतात तशा सोयी हे मॉड्यूल देतं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. शिवाय पायथन ३ आली २००८ मध्ये आणि पायथन २ चा आधार अधिकृतपणे संपला १ जानेवारी २०२० ला. मधली सगळी वर्षं लोक नव्या नियमाप्रमाणे कंसात प्रिंट लिहायला शिकत होते. पर्ल ५ १९९४ ची. त्या काळातल्या कित्येक स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, आजच्या पर्लवर जवळपास तशाच्या तशा चालतात. हे मी म्हटलं की पायथनकर म्हणतो, "चालतात रे, पण का चालतात ते कोणाला कळतं का?"

ही सगळी मोकळ्या वेळची करमणूक. गोष्ट अंगाशी आली ती आधुनिकीकरणामुळे. वरिष्ठांच्या स्लाइडवर डावीकडे एक चौकोन, उजवीकडे एक चौकोन आणि मध्ये बाण, एवढं झालं की आधुनिकीकरण मंजूर होतं. डावीकडच्या चौकोनात 'पर्ल' होतं, उजवीकडच्या 'पायथन'.

काम असं. रोज रात्री वेगवेगळ्या ठिकाणांहून व्यवहारांच्या फाइली येतात. एका ओळीत एक व्यवहार, रकाने उभ्या रेघेने तोडलेले. स्क्रिप्टने त्या वाचायच्या, पाठवणाऱ्यानुसार बेरजा करायच्या आणि सकाळी हिशेब विभागाला तक्ता द्यायचा. प्रत्यक्ष पैसे दुसरीच प्रणाली देते. हा तक्ता ताळा करण्यासाठी. पर्लची ही स्क्रिप्ट माझ्याआधी कोणीतरी लिहिलेली, पण लिहिणारा घरंदाज होता. पहिल्या दोन ओळींत 'स्ट्रिक्ट' आणि 'वॉर्निंग्ज' दोन्ही चालू, म्हणजे ढिसाळ कोड अडवायचा आणि संशयास्पद काही दिसलं की इशारा द्यायचा. ज्याने जुनी पर्ल सांभाळली आहे त्याला या दोन ओळी दिसल्यावर किती हायसं वाटतं ते कळेल.

पायथनकरने ती पायथनमध्ये लिहिली. चांगली लिहिली, हे आधी सांगतो. रकमा साध्या फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या अंदाजे दशांशात, न ठेवता डेसिमलमध्ये, म्हणजे नेमक्या दशांशात, ठेवल्या. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले तर पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवते. पर्लमध्येही आत तेच होतं, फक्त छापताना ती पंधरा अंकांवर थांबते, म्हणून ०.३ दिसतं. (हे मी पायथनकरला कधी आपणहून सांगितलं नव्हतं. त्याला ते ठाऊक होतंच.) ठरलं असं की काही काळ दोन्ही स्क्रिप्ट शेजारी शेजारी चालवायच्या आणि बेरजा जुळवून पाहायच्या.

पहिल्याच रात्री पायथनची स्क्रिप्ट आडवी झाली. पर्लची नेहमीप्रमाणे पूर्ण. अशी संधी मी सोडतो होय? "वाचता येणारी भाषा काय म्हणतेय, वाच की जरा मोठ्याने," असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. लोक हसले. पायथनकरच्या स्क्रीनवर ट्रेसबॅकची, म्हणजे चूक कोडमध्ये कुठून कुठे पोचली त्या ओळींची, शिडी होती आणि तळाशी 'इनव्हॅलिड ऑपरेशन'. त्याने मान वर केली नाही. एवढंच विचारलं, "माझी या रकमेवर मेली. तुझी नाही मेली. मग तुझीने या रकमेचं केलं काय?"

हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता असं मी म्हणणार नाही. ती स्क्रिप्ट बिनतक्रार चालत होती, आणि बिनतक्रार चालणाऱ्या गोष्टीला प्रश्न विचारायला कोणाकडे वेळ असतो? पण प्रश्न ऐकला त्या क्षणी उत्तर काय असणार ते मला कळलं होतं.

आधी ती ओळ सापडायला हवी होती. डेसिमलची ही चूक मोठी घुमी आहे. कुठल्या मजकुरावर अडलं ते सांगत नाही, फक्त रूपांतराचं व्याकरण चुकलं एवढं सांगते. शिडीवरच्या सगळ्या पायऱ्या पायथनच्या कोडमधल्या. डेटाच्या फाइलमधली ओळ कुठली, याचा पत्ता नाही. पायथनकर प्रिंट घालून शोधायला बसला.

मी तीच फाइल पर्लला हाताने दिली. रात्री ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून नाही, टर्मिनलवर समोर. आणि पर्ल बोलायला लागली. ओळीमागून ओळ. प्रत्येक इशाऱ्यात चार गोष्टी: कुठला मजकूर संख्येसारखा नाही, तो कुठल्या क्रियेत वापरला, स्क्रिप्टची ओळ कुठली, आणि वाचत असलेल्या फाइलची ओळ कुठली. शेवटची गोष्ट पुन्हा वाचा. पर्ल आपण नुकती वाचलेली फाइल आणि तिचा ओळक्रमांक लक्षात ठेवते आणि न सांगता प्रत्येक इशाऱ्याच्या शेपटीला जोडते. त्यासाठी आपण एक अक्षर लिहावं लागत नाही. ज्याने लाख-दीड लाख ओळींच्या फाइलमध्ये एक वाकडी ओळ शोधली आहे, त्याला मी काय म्हणतोय ते समजेल. पायथनकर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. थोडा वेळ वाचत राहिला आणि म्हणाला, "हे मात्र भारी आहे." त्याच्या तोंडून पर्लबद्दल असलं काही मी पहिल्यांदाच ऐकत होतो, पण तेव्हा आनंद साजरा करण्यासारखी परिस्थिती नव्हती.

कारण मजकूर होता '१,२५०.००'. हजारांनंतर स्वल्पविराम. एका पाठवणाऱ्याने आपलं सॉफ्टवेअर बदललं होतं आणि ते नवं सॉफ्टवेअर रकमा सजवून पाठवत होतं. पर्लचा नियम असा की मजकूर संख्येच्या जागी आला तर सुरुवातीपासून जिथवर तो संख्येसारखा दिसतो तेवढा घ्यायचा, बाकीचा सोडायचा. स्वल्पविरामापाशी ती थांबली. बाराशे पन्नासचा झाला एक. बेरजेत एक मिळवला आणि पुढची ओळ.

हे असं का, तर घराणं. लॅरी वॉलने १९८७ मध्ये पर्ल आणली ती मजकुराच्या ढिगातून अहवाल काढायला, आणि ऑक, सेड, शेल, सी या तिच्याआधीच्या साधनांतून आणि भाषांतून उचलत. ऑकही असंच करतं, आणि ते चकार शब्द काढत नाही. पर्ल निदान सांगते. आता ती सांगत होती तर ऐकलं कोणी नाही का?

क्रॉनची ओळ उघडली. शेवटी त्रुटींचा प्रवाह डेव्ह नलकडे वळवलेला. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: क्रॉनमधून चालणारी गोष्ट काही बोलली की क्रॉन त्याची मेल करतं, आणि डेव्ह नल म्हणजे युनिक्समधली अशी जागा जिथे टाकलेलं परत मिळत नाही. कोणीतरी, कधीतरी, रोजच्या मेलला कंटाळून पर्लच्या तोंडावर हात ठेवला होता. स्क्रिप्टचा इतिहास गिटमध्ये, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या साधनात, आहे, पण क्रॉनची ओळ कोणी गिटमध्ये ठेवली नव्हती, त्यामुळे नाव नाही, तारीख नाही. मुद्दाम कोणी केलं असेल असं नाही. पण आमच्या देखरेखीच्या पडद्यावर जे गप्प असतं ते हिरवं दिसतं आणि हिरव्याबद्दल बैठकीत कोणी विचारत नाही. मग माणसं आवाज बंद करायलाच शिकतात.

जुन्या फाइली साठवलेल्या होत्या. त्या सगळ्या पर्लमधून पुन्हा काढल्या, इशारे एका फाइलमध्ये घेतले, आणि त्या इशाऱ्यांवरच दुसरी चार ओळींची पर्ल चालवून पाठवणाऱ्यानुसार यादी केली. रोजचे बहुतेक व्यवहार हजाराच्या खालचे, म्हणून स्वल्पविराम तुरळक. म्हणूनच हे इतकं दबून राहिलं. हिशेब विभागात यादी घेऊन गेलो तर तिथल्या बाईंना धक्का वगैरे काही बसला नाही. "हो, त्या पाठवणाऱ्याचा ताळा कधीच लागत नाही. आम्ही ते 'किरकोळ फरक' मध्ये टाकतो." आम्हाला कधी कळवलं नाहीत? "एकदा विचारलं होतं. तुमच्याकडून उत्तर आलं, स्क्रिप्टमध्ये काही एरर नाही." खरंच होतं म्हणा. एरर नव्हतीच.

दुपारनंतर आम्ही दोघं एकमेकांच्या भाषेला वाकडेतिकडे मजकूर खिलवत बसलो. काम म्हणून सुरू केलं, नंतर चुरस लागली. मी पायथनला '१_२५०' दिलं. मध्ये अंडरस्कोअर. तिने ते गुमान बाराशे पन्नास म्हणून घेतलं, आवृत्ती ३.६ पासून घेते. "तुझी कडक भाषा हे चालवून घेते?" पर्ल इथे 'एक' म्हणाली, पण इशारा देऊन. पायथनकरने बदला घेतला तो देवनागरी अंकांनी. '१२५०' असे आपले अंक पायथनला दिले की ती सरळ संख्या करते. पर्लच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला विचारलं, हे अंक आहेत का, तर ती म्हणते, हो. त्याच अंकांची बेरीज करायला सांगितली तर शून्य. तपासणीत पास, बेरजेत भोपळा. त्यावर उपाय म्हणून वेगळं मॉड्यूल आहे, पण यावर तोंड वर करून बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

खरा वाद त्यानंतरचा. माझं म्हणणं: भाषेने सांगितलं होतं, रोज सांगितलं होतं, पत्त्यासकट. थांबायचंच असेल तर संख्येचा इशारा जीवघेणा करायची सोयही पर्लमध्ये आहे, एका ओळीची. मजकूर संख्येसारखा दिसतो का हे तपासणारं फंक्शन तर पर्लसोबतच येतं. कान बंद करणाऱ्याचा दोष भाषेवर का? आणि पायथनमध्येही 'एक्सेप्ट' (चूक झाली तर) च्या खाली 'पास' (काही करू नको) लिहून सगळं गिळता येतंच की.

पायथनकर म्हणाला, "येतं. पण ते कोडमध्ये लिहावं लागतं. कोडच्या रिव्ह्यूत कोणीतरी बघतं, शिव्या घालतं. तुझी भाषा बाहेरून गप्प करता येते, आणि गप्प केल्यावरही ती चुकीचं उत्तर छापत राहते. माझीचं तोंड बांधलं असतं तरी सकाळी तक्ता आला नसता." मी म्हणालो, रोज सकाळी तक्ता आला नसता तर त्याच कंटाळलेल्या माणसाने 'पास' लिहून टाकलं असतं. "असेल. पण लिहिताना त्याला कळलं असतं की आपण काय करतोय."

हे शेवटचं वाक्य मला अजून पचलेलं नाही. खोडून काढावं असं वाटतं आणि प्रत्येक वेळी अर्ध्यावर अडतो. वाकड्या ओळीसाठी रात्रीचं सगळं काम थांबवणं मला आजही आडमुठेपणा वाटतो. पण 'एक' मिळवून पुढे जाणं हा समजूतदारपणा आहे, असंही आता छातीठोकपणे म्हणवत नाही.

वरिष्ठांच्या अहवालात मात्र प्रश्न एका ओळीत सुटला होता: 'जुन्या भाषेतील दोष, नव्या प्रणालीत दूर.' बैठकीत ते वाचून माझं डोकं फिरलं, पण मी तोंड उघडायच्या आत पायथनकर बोलला. "हे वाक्य चूक आहे. पर्लने इशारा दिला होता, आपण तो बंद ठेवला होता. क्रॉन आपलं आहे." थोडी सारवासारव झाली आणि ओळ बदलून 'प्रक्रियेतील त्रुटी' झाली. त्रुटी कोणाची, हे अर्थातच कुठे लिहिलं नाही. बाहेर आल्यावर मी आभार मानायला गेलो तर म्हणाला, "भाषेवर हसायचा हक्क माझा आहे, त्यांचा नाही."

आता पायथनची स्क्रिप्टच चालते. वाकडी ओळ आली की ती बाजूला एका फाइलमध्ये जाते, बाकीचं काम पूर्ण होतं, आणि तक्त्याच्या माथ्यावर किती ओळी बाजूला पडल्या ते ठळक येतं. प्रत्येक बाजूला काढलेल्या ओळीसोबत मूळ फाइलचा ओळक्रमांकही असतो. त्यासाठी पायथनकरने स्वतः मोजणी घातली आणि वर कमेंट लिहिली, 'कल्पना पर्लची'. क्रॉनची ओळ गिटमध्ये आली.

एक गोष्ट अडलेली आहे. त्या बाजूला काढलेल्या ओळींची मेल जायची कोणाला? पायथनकर म्हणतो हिशेब विभागाला. वरिष्ठ म्हणतात टीमच्या सामायिक पत्त्यावर, म्हणजे कोणालाच नाही. हिशेब विभागातल्या बाई म्हणतात, आम्हाला नको, आधीच फार मेल येतात.