सँपल नायलॉनचं, ताका पॉलिस्टरचा : माझा अनुभव

पावसाळ्याआधी आमच्या गिर्यारोहण बचाव पथकासाठी २४ टॅक्टिकल जॅकेटं शिवून घ्यायची होती. कारागीर मिळाला, पाउचची मापं ठरली, बकलंही आली. अडलं ते कापडाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही.

सँपल १००० डेनियर नायलॉनचं होतं, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन १००० ग्रॅम. खडकावर घासून पाहिलं, पसंत पडलं, ॲडव्हान्स भरला. तीन आठवड्यांनी ताका आला. रंग तोच, पण हाताला वेगळाच लागला. व्यापाऱ्याला फोन केला. "साहेब, हजार डेनियरच आहे, टेस्ट रिपोर्ट उद्या पाठवतो." तो उद्या अकरा दिवसांनी उजाडला. रिपोर्टात डेनियर होतं, धागा कशाचा ते कुठेच नव्हतं. खरी मेख तीच. डेनियरवरून फक्त धाग्याची जाडी कळते. पॉलिस्टरही हजार डेनियरचं मिळतं, पण घासण्याला नायलॉनच जास्त टिकतं. कपारीतून स्ट्रेचर ओढताना छातीवरचं कापड दगडाला घासतं. तिथे मला तडजोड नको होती.

शेवटी मीच तपासलं. पेलाभर पाण्यात विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घातलं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला. ताक्याचे आणि सँपलचे दोन-दोन धागे उसवले, कोटिंग नखाने खरवडून काढलं आणि हवेचे बुडबुडे निघेपर्यंत पाण्यात चोळले. सँपलचा धागा वर तरंगला, ताक्याचा तळाशी जाऊन बसला. त्या खारट पाण्यापेक्षा नायलॉन हलकं, पॉलिस्टर जड. व्हिडिओ पाठवला आणि दोन दिवसांत ताका बदलून मिळाला! ओट्यावर उभं राहून इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

तपासल्याशिवाय कात्री लावू देऊ नका, कापलेला ताका कोणी परत घेत नाही. ऑर्डरवर नायलॉनच्या प्रकारासकट "नायलॉन ६,६" असं स्पष्ट लिहून घ्या आणि सँपलच्या तुकड्यावर दोघांच्या सह्या ठेवा. हे मी आधी केलं असतं तर ते अकरा दिवस वाचले असते.

पट्ट्यांचंही सांगायचं राहिलं. मोलेसाठी, म्हणजे पाउच अडकवायला जॅकेटवर शिवतात त्या आडव्या पट्ट्यांसाठी, पट्टी २५ मिमी, दोन पट्ट्यांमधलं अंतरही तेवढंच आणि टाके दर ३८ मिमीवर. कारागिराला तयार पाउच नेऊन द्या, नुसत्या मापावर सोडू नका.

आणि भिजलेलं जॅकेट गोणीत कोंबू नका. दमटपणात कापडावरचं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग चिकट होऊन सोलवटतं. आमची सगळी जॅकेटं आता पडवीत दोरीवर वाळतात.