मोहोराच्या दिवसांत दोहा

ज्याच्याकडे हापूसची चार कलमे आहेत, तो कोकणी माणूस जानेवारीत सहसा गाव सोडत नाही. मोहोर फुटलेला असतो, तुडतुडे आणि भुरी यांची धास्ती असते, फवारणीचे दिवस ठरलेले असतात आणि आभाळ जरा भरून आले तरी माणूस अंगणात येऊन वर पाहत राहतो. अशा दिवसांत, २०२४ च्या जानेवारीत, आम्ही चौघे वेंगुर्ल्याहून आशियाई चषक फुटबॉल स्पर्धा पाहण्यासाठी कतारच्या राजधानीला, दोह्याला गेलो. आमच्यातला एक बागायतदार आहे. या दिवसांत बाग सोडून कुठे निघालास, असे त्याच्या वडिलांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मोहोर थांबाचो नाय ह्या खरा, पण भारत काय दरवर्षी आशिया कपात खेळता?" यावर वडिलांकडे उत्तर नव्हते, फक्त वीस तारखेपर्यंत परत ये, एवढे त्यांनी बजावले.

ही स्पर्धा खरे तर २०२३ सालची आणि चीनमध्ये व्हायची होती. करोनामुळे चीनने यजमानपद सोडले, ते कतारकडे गेले आणि तिथल्या उन्हाळ्यात फुटबॉल खेळणे शक्य नसल्यामुळे सामने पुढच्या वर्षीच्या जानेवारीत आले. म्हणजे आमच्या मोहोराशी गाठ पडण्यास चीन, करोना आणि वाळवंटातले ऊन अशी तीन कारणे झाली.

वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी फुटबॉलचे वेड कुठून आले, असे मुंबईचे नातेवाईक नेहमी विचारतात. आमच्याकडे टेनिस बॉलच्या क्रिकेटच्या स्पर्धा होतात आणि कबड्डीला गर्दी लोटते, हे खरेच आहे. परंतु गोव्याची हद्द जवळ आहे, आणि मडगावच्या फातोर्डा मैदानावरचा सामना पाहून परतीची गाडी चुकल्यामुळे फलाटावर रात्र काढलेली माणसे आमच्या आळीत सापडतात. आम्ही चौघे त्यांतलेच.

वेंगुर्ल्याला रेल्वे नसल्यामुळे सावंतवाडीहून रात्रीची तुतारी एक्स्प्रेस, दादर, मग विमानतळ आणि पुढे सुमारे चार तासांचे विमान असा प्रवास झाला. सामानात मालवणी मसाला, कुळथाचे पीठ, आमसुले आणि सुकी सुंगटे, म्हणजे कोळंबी, होती, कारण माझा मामेभाऊ गेली अनेक वर्षे दोह्यात वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती करतो आणि त्याच्याकडे रिकाम्या हाताने जाणे शक्य नव्हते. सुंगटे सात पिशव्यांत गुंडाळली होती, तरी विमानातून उतरल्यावर माझे निळे जर्सी-शर्ट त्यांच्याच वासाचे निघाले. मुक्काम आम्ही हॉटेलात केला, जेवणे मात्र मामेभावाच्या खोलीवर झाली. त्या खोलीत सहा जण राहत होते. त्यांतले दोघे मल्याळी, एक नेपाळी आणि बाकीचे आपल्याच बाजूचे. फुटबॉलविषयी सर्वांत जास्त माहिती त्या दोन मल्याळ्यांना होती, हे आम्ही पहिल्याच रात्री निमूटपणे मान्य केले.

पहिला सामना १३ जानेवारीला, शनिवारी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध होता. जागतिक क्रमवारीत ते २५ वे आणि आपण १०२ वे, त्यामुळे जिंकण्याच्या गोष्टी कोणी करत नव्हते. मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेने शेवटच्या अल रिफा स्थानकावर उतरलो, तर स्थानकापासून अहमद बिन अली स्टेडियमपर्यंत भारताच्या निळ्या जर्सींचा समुद्रच दिसत होता. तिकिटे २५ रियालांपासून होती आणि कतारमध्ये शुक्रवार-शनिवार ही सुट्टी असते, त्यामुळे आठवडाभर बांधकामावर, हॉटेलांत, गाड्यांवर राबणारी माणसे न्हाऊन, नवे शर्ट घालून आली होती. आपल्या गावी जत्रेला माणसे येतात त्या थाटात. मामेभाऊ म्हणाला की इतक्या वर्षांत या शहरात इतक्या मोठ्या आवाजात आपण कधी बोललोच नव्हतो. हे वाक्य तो सहज बोलून गेला. मला मात्र पुढचा अर्धा तास सामन्याकडे नीट लक्ष देता आले नाही.

या सामन्याच्या पंच जपानच्या योशिमी यामाशिता होत्या. पुरुषांच्या आशियाई चषकात मुख्य पंच म्हणून उभी राहणारी ही पहिली स्त्री, आणि तो मान आपल्या सामन्याला मिळाला. सोळाव्या मिनिटाच्या सुमारास निखिल पुजारीने उजवीकडून चेंडू आत टाकला आणि ३९ वर्षांच्या सुनील छेत्रीने पुढे झेपावून हेडर मारला. चेंडू खांबाबाहेरून गेला. आमच्या बाजूला असलेल्या सगळ्या माणसांचे हात डोक्यावर गेले आणि ते बराच वेळ तिथेच राहिले. तरी मध्यंतरापर्यंत ०-० होते. बचावाच्या मध्यभागी संदेश झिंगन आणि मुंबईचा राहुल भेके जे काही अडवत होते, त्यासाठी आमच्या गळ्यांची वाट लागली. कॉर्नर मिळाला की आम्ही "गणपती बाप्पा" म्हणायचो. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतल्या मल्याळी मंडळींनी आमच्याआधी "मोरया" म्हटले.

पन्नासाव्या मिनिटाला आपला गोलरक्षक गुरप्रीत याने ठोसा मारून दूर केलेला चेंडू ऑस्ट्रेलियाच्या जॅक्सन आयर्विनच्या पायाशी पडला आणि त्याने तो जाळ्यात घातला. नंतर बदली आलेल्या जॉर्डन बॉसने दुसरा गोल केला. ०-२. हरण्याचे दुःख झाले नाही असे म्हणणार नाही, पण हरण्याची ही पद्धत आम्हाला मान्य होती.

खोलीवर परत येऊन कुळथाची पिठी आणि भात खाताना जो वाद झाला, तो अजून संपलेला नाही. माझे म्हणणे असे की, बचाव ही शिकवता येणारी गोष्ट आहे, गोल मारणे ही सवयीची गोष्ट आहे, आणि ती सवय आपल्या मुलांना लागू शकत नाही. २०१४ पासून इंडियन सुपर लीगने मैदाने भरवली, पैसा आणला, हे सारे खरे. पण बहुतेक संघांत सर्वांत पुढे उभा राहतो तो परदेशी खेळाडू. गोलासमोर चेंडू आला तर काय करायचे, हे आपला तरुण शनिवारी-रविवारी त्या परदेशी माणसाच्या मागे धावत पाहतो आणि मग आशियाई चषकात त्याला ते स्वतः करावे लागते. याच दोह्यात २०११ साली भारत तिन्ही सामने हरला होता, परंतु तीन गोल केले होते, त्यांतले दोन छेत्रीचे. तेरा वर्षांनंतर पुढे उभा तोच. बागायतदार मित्राने यावर एकच प्रश्न विचारला: जुने कलम फळ देते आहे तोवर नवी रोपे लावायची नाहीत, हा कुठला न्याय?

दुसऱ्या सामन्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. १८ तारखेला उझबेकिस्तानने चौथ्याच मिनिटाला गोल केला आणि मध्यंतरापर्यंत ०-३ झाले. दुसऱ्या अर्धात आपण बरे खेळलो, पण तोपर्यंत आमच्या रांगेतले लोक एकमेकांचे गाव विचारू लागले होते. चिपळूणचे दोघे, मुरुडचा एक आणि मालवणचा एक असा छोटा कोकण तिथे जमला आणि निघताना फोन क्रमांकांची देवाणघेवाण झाली.

ठरल्याप्रमाणे आम्ही २० तारखेला घरी पोहोचलो. तिसरा सामना २३ ला, मंगळवारी, सीरियाशी होता. मामेभावाने अर्ध्या दिवसाची रजा मिळवली आणि बसने अल खोरच्या तंबूसारख्या अल बैत स्टेडियमला गेला. आमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजले होते. फवारणीचा पंप बाजूला ठेवून आम्ही चौघे कलमाखाली मोबाइलवर सामना लावून बसलो आणि दुसऱ्या फोनवर मामेभाऊ होता. मोबाइलवरचे चित्र प्रत्यक्ष सामन्याच्या अर्धे मिनिट मागे चालते, हे आम्हाला तेव्हा कळले, कारण प्रत्येक हल्ल्याच्या वेळी त्याच्याकडचा आरडाओरडा आधी येई आणि हल्ला नंतर दिसे. पंचाहत्तर मिनिटे होऊन गेली होती, पडद्यावर ०-० होते, सीरियाचा एक खेळाडू चेंडू घेऊन पुढे येत होता आणि फोनमधला गोंगाट एकदम थांबला. मामेभाऊ काहीच बोलेना. बागायतदाराने हात लांब करून मोबाइल उलटा ठेवला आणि पंप पाठीवर घेतला.