पालक कसा काय तगला?

रायबंदरहून फेरीबोट सुटली तेव्हा माझ्या स्कूटरवर पायांपाशी हायड्रोजन पेरॉक्साइडचा कॅन होता, आणि चोडणला बाईंकडे काय झालंय ते मला तिथे पोचायच्या आधीच कळलेलं होतं. आज हे लिहिताना कानाच्या पाळ्या गरम होतात.

घरगुती हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय नुसत्या पाण्यावरची भाजी, बसवून द्यायचं आणि पुढे त्याची देखभाल करायची, हा माझा धंदा. बाई म्हणजे निवृत्त गणित-शिक्षिका. जानेवारीत त्यांच्या परसात शेडनेटखाली चार नळ्यांचा एनएफटी संच लावून दिला होता. 60 लिटरची टाकी, छोटा पंप, नळीच्या तळातून खत विरघळवलेल्या पाण्याची पातळ धार सतत वाहते आणि मुळं तिच्यात लोळत असतात. तीन नळ्यांत लेट्यूस आणि बेझिल, चौथीत पालक. पाणी परसातल्या चिऱ्याच्या विहिरीचं. एप्रिल संपता संपता फोन आला, "अरे, लेट्यूस भर दुपारी मान टाकतंय. मुळं चहाच्या रंगाची झालीयत."

एप्रिल, गोवा, तपकिरी मुळं. दुपारी दोनला टाकीत थर्मामीटर बुडवला तर 33 अंश. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात, आणि असल्या कोमट पाण्यात पिथियम नावाची मूळकूज आनंदाने वाढते. मी निदान उभ्या उभ्याच केलं. द्रावण ओतून दिलं, नळ्या पेरॉक्साइडने धुतल्या, टाकी जमिनीत अर्धी पुरली, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन जोडला, रोज दुपारी बर्फाची बाटली सोडायला सांगितली. पीएच 6, ईसी (पाण्यात क्षार किती विरघळलेत त्याचं माप) 1.4. दोन्ही आकडे पुस्तकात लिहावेत असे. पैसे घेतले आणि पावणेपाचची फेरीबोट पकडली.

दहा दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "येतोस ना?"

दुसऱ्या दिवशी मी जे पहिल्या खेपेला करायला हवं होतं ते केलं, म्हणजे खाली बसलो. लेट्यूसचं एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं. पिथियम असेल तर वरची साल मोज्यासारखी सुटून येते आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी राहते. इथे साल घट्ट होती. बुळबुळीतपणा नाही, कुजका वासही नाही. मुळांची टोकं मात्र करपल्यासारखी आणि आखूड. पानांच्या कडा कागद जळावा तशा वाळलेल्या. आणि शेजारच्या नळीत पालक हिरवागार. मागच्या खेपेलाही तो तसाच होता, मी त्याच्याकडे पाहून "वा!" म्हणालो होतो आणि पुढे गेलो होतो. त्याच पाण्यावर वाढणारा पालक! हायड्रोपोनिक्समध्ये पिथियमला सगळ्यांत आधी बळी पडतो तो पालकच. तो ठणठणीत असेल तर आजार दुसराच.

पालक लेट्यूसपेक्षा जास्त काय सोसतो? मीठ.

मी विहिरीचं नुसतं पाणी मागितलं. ईसी मोजायचा पेन बुडवला, 0.9. बॅगेतल्या वहीत जानेवारीची नोंद शोधली, 0.12. चिऱ्याच्या विहिरीचं पाणी असंच हलकं असतं, म्हणून तर मी तेव्हा खूश झालो होतो आणि त्यानंतर ते पुन्हा कधी मोजलंच नव्हतं. सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली मी बरोबर ठेवतो, मीठ असलं की त्याने पाणी पांढरं होतं, पण ती महिनोन्‌महिने उघडत नाही. नळाच्या पाण्यात थेंब टाकला, किंचित धुरकटपणा आला. विहिरीच्या पाण्यात टाकला तर दूध नासावं तसं पांढरं फटक. (बोटावरचा काळा डाग पुढे आठवडाभर गेला नाही.)

बाईंनी आतून वही आणली. रोज सकाळचा आकडा, तारखेसह, रेघ मारून. एका नोंदीवर त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. टाकीत 40 लिटर उरलं होतं, ईसी 1.8. द्रावण जड झालं म्हणून त्यांनी 20 लिटर साधं पाणी घातलं. गोड्या पाण्याने ते 1.24 पर्यंत उतरायला हवं. उतरलं 1.5 पर्यंतच. बाई म्हणाल्या, "मला वाटलं पेन बिघडला. उलट गणित मांडलं असतं तर त्या 20 लिटरचा आकडा 0.9 निघालाच असता की." चार दशकं त्यांनी मुलांना फळ्यावर हेच उदाहरण घातलेलं.

पेनला पाण्यातले क्षार एकूण किती ते कळतं, कुठले ते कळत नाही. 1.4 दाखवत होता त्यातले 0.9 विहिरीचेच. खत उरलं जेमतेम 0.5. झाडं पाणी पितात, मीठ बरंचसं मागे ठेवतात, मग आकडा चढतो, मग बाई "साधं" पाणी घालून तो खाली आणतात, म्हणजे मीठ आणखी वाढतं आणि खत आणखी पातळ होतं. मुळं पाण्यात लोळत असताना लेट्यूस दुपारी मान टाकत होतं ते यामुळेच. मिठाने करपलेल्या, अर्धपोटी मुळांना दुपारी पुरेल इतकं पाणी ओढून घेता येईना.

घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? प्यायला, स्वयंपाकाला नळ. विहिरीचं पाणी माडांना, आणि माडांना खाऱ्याचं काही वाटत नाही.

परसाच्या टोकाला गेलो तर पुढे खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं. बांधावर एक आजोबा मासे गरवत बसले होते. त्यांना विचारलं, तर गळावरून नजर न काढता म्हणाले, "बांयचें उदक खारें जालां, तुमकां कळूंक ना?" (विहिरीचं पाणी खारं झालंय, तुम्हांला कळलं नाही?) मग हाताने मानस दाखवली. भरतीला आपोआप मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं ते लाकडी दार, त्याची एक फळी फुटलेली. मांडवीचं भरतीचं पाणी शेतात शिरून बसलं होतं आणि उन्हाळ्यात खाली गेलेल्या विहिरीने ते आत ओढून घेतलं होतं. ती फळी कोणी बदलायची यावर गावात बोलणी चालू होती. त्यात मी पडलो नाही.

टाकी रिकामी केली, नळ्यांतून नळाचं पाणी दोनदा फिरवलं. क्लोरीन उडून जावं म्हणून पाणी बादल्यांत रात्रभर उघडं ठेवलं, आणि सकाळी बाईंनीच नवीन द्रावण केलं: आधी नुसत्या पाण्याचा आकडा वहीत, मग खताचा ए भाग, मग बी. जुनी लेट्यूस उपटली, ती सुधारण्यातली नव्हती. पेरॉक्साइडचे पैसे मी परत देऊ केले. बाईंनी घेतले, मोजून, आणि वर सोलांची पिशवी दिली.

जूनमध्ये पत्र्याच्या पन्हळीखाली त्यांनी निळा पिंप लावला. पावसाच्या पाण्याचा ईसी जवळजवळ शून्य, पण त्याला पीएच धरून ठेवता येत नाही. आम्लाचे चार थेंब जास्त पडले की धाडकन चारावर. ते समजावायला तिसरी खेप झाली. तेव्हा नव्या लेट्यूसची मुळं नळीतून काढून बघितली, शेवयांसारखी पांढरी.

विहिरीचा आकडा बाई अजून दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, उधाणाच्या भरतीनंतर, मला पाठवतात. परवाचा 0.2. खाली लिहिलं होतं, "फळी बदलली. तरी मोजणार."