लाईन: डोब्बिआको ते कोर्टिना सायकलवर

"ही तर लाईन आहे गं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी ब्रेक दाबला.

डोब्बिआकोचं तळं मागे पडून जेमतेम दोन किलोमीटर झाले होते. दोन्ही बाजूंना स्प्रूसची दाट झाडी, मधून पांढुरक्या खडीची वाट, आणि ती वाट एक लांबलचक वळण घेत पुढे झाडांत शिरत होती. मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सांगावंही लागलं नाही. "एवढं संथ वळण आगगाडीलाच लागतं. सडक असती तर कवाच वर चढून गेली असती."

अण्णा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे म्युनिकला आले होते. सप्टेंबर लागला तसं मी त्यांना घेऊन निघाले. ब्रेनर खिंडीतून फोर्टेझा, तिथे गाडी बदलून पुस्टर खोऱ्यातून डोब्बिआको. हे इटलीतलं दक्षिण टिरोल, त्यामुळे स्टेशनच्या पाटीवर दोन नावं, डोब्बिआको आणि टोब्लाख. दुकानात जर्मन ऐकू येतं, कॉफी मात्र इटालियन मिळते. पहिल्या महायुद्धापर्यंत हा सगळा मुलूख ऑस्ट्रियाचा होता.

लाईनची गोष्ट त्या युद्धापासूनच सुरू होते. १९१५ च्या मे महिन्यात इटली युद्धात उतरली आणि या डोंगरांतूनच आघाडी गेली. माणसं, दारूगोळा, रसद वर पोचवायला दोन्हीकडच्या सैन्यांनी आपापल्या बाजूने हलके रूळ टाकले. युद्ध संपल्यावर इटलीने ते काम पुरं करून १९२१ मध्ये कालाल्झो, कोर्टिना, डोब्बिआको अशी साधारण ६५ किलोमीटरची नॅरोगेज सुरू केली. रुळांमधलं अंतर ९५० मिलिमीटर. १९२९ मध्ये तिच्यावर वीज आली, १९५६ च्या कोर्टिना हिवाळी ऑलिंपिकला तिने गर्दी वाहिली आणि १९६४ पर्यंत ती बंदही पडली. रूळ उचलले, पायवाट राहिली. उन्हाळ्यात त्यावरून सायकली जातात, हिवाळ्यात बर्फावरून स्की.

"आपली बार्शी लाईट अडीच फुटांची," अण्णा म्हणाले. "ही तीन फुटांच्या वर जाते. मोठीच की." १८९७ साली बार्शी लाईट सुरू झाली तेव्हापासूनचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का आहे. ती ब्रॉडगेज झाली त्या वर्षी त्यांनी घरात दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं, हे मला आठवत होतं. म्हणून त्यांना इथे आणायचं माझ्या मनात फार दिवसांपासून होतं.

त्यांनी मला गावाची आणि वाटेतल्या चिमाबांके खिंडीची उंची विचारली. डोब्बिआको साधारण १,२५० मीटर, चिमाबांके १,५३० मीटर, मध्ये पंधरा किलोमीटर. त्यांनी तिथेच हिशेब केला. "म्हंजे पन्नासाला एक. नॅरोगेजला अवघड चढ, पण सायकलला काहीच न्हाई. एक गिअर धर आन् सोडू नको. इंजिन असंच चढतं."

मी आल्प्समध्ये बरीच सायकल चालवली आहे. डोंगरातल्या सडका बारा-बारा टक्क्यांनी अंगावर येतात, शिवाय मागून मोटारसायकली. इथे दोन टक्के. इंजिनाला जास्त झेपत नाही म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी डोंगर कापले, भराव घातले, पूल बांधले, आणि त्या सगळ्या खटाटोपाचं फळ आज सहासष्ट वर्षांच्या माणसाच्या गुडघ्यांना मिळतं. गाड्यांचा आवाज अगदीच येत नाही असं मात्र नाही. काही ठिकाणी हमरस्ता जवळून जातो आणि ऐकू येतोच. पण या वाटेवर मात्र एकही मोटार नाही.

तळ्याच्या पुढे नासवांडच्या कड्याखाली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकांची दफनभूमी आहे. झाडांत ओळीने लाकडी क्रॉस. या सैन्यात कितीतरी भाषा बोलणारी पोरं होती, हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं आणि ते क्रॉसच्या एका ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेले. परत आल्यावर आम्ही काही बोललो नाही.

लान्ड्रोला डावीकडे दरी उघडते आणि त्रे चिमे ही तीन शिखरं दिसतात. त्यांच्या उत्तरेकडच्या, सरळ तुटलेल्या बाजू. मधलं शिखर २,९९९ मीटर, तीन हजाराला एक कमी. थोडं पुढे लान्ड्रोचं तळं, त्याच्या मागे ३,२२१ मीटरचा क्रिस्टाल्लो. पाणी इतकं उथळ आणि फिक्कं हिरवं की तळाची खडी मोजावी. ही खडी आणि वाटेवरची खडी एकच, डोलोमाईट. कधीकाळी उबदार समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक. चाकाखाली तो करकर वाजतो, बुटांवर पिठासारखा बसतो.

माझी सायकल ग्रॅव्हलची, म्हणजे खडीच्या वाटांसाठीची होती. हँडल रोड बाईकसारखं खाली वळलेलं, पण टायर चाळीस मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस. आत ट्यूब नाही, भोक पडलं तर बुजवणारं पातळ सीलंट. हवा ३५ पीएसआयच्या आसपास ठेवली होती. ठासून भरली तर खडीवर मनगटं बधिर होतात. अण्णांनी साधी, सरळ हँडलची सायकल भाड्याने घेतली. आयुष्यभर वर्कशॉपला सायकलनेच गेल्यामुळे बसण्याची ऐट अजून तीच, पाठ ताठ.

चिमाबांकेला खिंड आली तरी चढ संपल्याचं कळलंच नाही. पाटी दिसली म्हणून थांबलो. इकडचं पाणी रिएन्झा नदीने उत्तरेला उतरतं आणि पलीकडचं बोइते नदीने दक्षिणेला, तरी दोन्ही शेवटी एड्रियाटिकलाच मिळतात. पुढे व्हेनेतो प्रांत.

उतारावर ओस्पिताले जवळ माझ्या मागच्या टायरमध्ये अणकुचीदार खडा घुसला. फुस्स आवाज, आणि सीलंटचे दुधासारखे थेंब पिंडरीवर. अण्णा माझ्या आधी उतरले. "भोक खाली घे, पातळ औषध तिथंच उतरंल," म्हणत त्यांनी चाक फिरवलं आणि भोकावर अंगठा दाबून धरला. ट्यूबलेस टायर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला होता. मिनिटभराने अंगठा उचलला तर पांढरा ठिपका घट्ट बसला होता. हवा भरून निघालो.

फेलिझोनच्या घळीवरचा पूल आणि बोगदे या लाईनचा सगळ्यात देखणा भाग. बोगद्यात शिरताच गारठा अंगात गेला. अण्णा सायकल हातात धरून भिंतीलगत चालत होते, दगडाच्या चिरांवरून हात फिरवत. "सांधे बघ," ते म्हणाले. "शंभर वर्षं झाली. एक चिरा हललेला न्हाई." पुलावर उभं राहून खाली बघितलं, तर पाणी इतकं खोल की आधी फक्त आवाज येतो.

कोर्टिनाचं जुनं स्टेशन आता बस स्टँड आहे. अण्णा फलाटाच्या बाजूने दोनदा फिरले आणि लाईन कुठून आत येत असणार ते मला हाताने दाखवलं. रात्री मुक्काम तिथेच.

सकाळी त्याच वाटेने परतीचा तीनशे मीटरचा चढ. अण्णा पुढे, मी मागे. गाव सुटताना मी मधला एक गिअर धरला आणि चिमाबांकेची पाटी येईपर्यंत तो बदलला नाही.