हिरवा दगड बघून लगेच भुलू नका

तांब्या-सोन्याच्या शोधाच्या सुरुवातीच्या टप्प्यातली प्रॉपर्टी, म्हणजे खाणीसाठीची जागा, विकायला आली की पहिल्याच पानावर हमखास एक फोटो असतो, हातात हिरवागार दगड आणि खाली लिहिलेलं, तांबं ८ टक्के. मी आधी विचारतो, नमुना घेतला कसा? कारण ग्रॅब सॅम्पल म्हणजे जो दगड नजरेत भरला तोच उचललेला, आणि मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवा रंग थोड्याशा तांब्यानेही पसरतो. खडकात सलग खोबण पाडून घेतलेले चॅनल सॅम्पल असतील तर मात्र नीट बसून वाचतो.

ड्रिलिंगचे आकडे तर फोडूनच बघावेत. "४० मीटर, सरासरी १ टक्का" तांबं असं लिहिलंय आणि त्यातले २ मीटर १५ टक्क्यांचे आहेत, म्हणजे उरलेल्या ३८ मीटरमध्ये जेमतेम पाव टक्का! शिवाय ड्रिलचं होल खनिजाच्या शिरेला समांतर गेलं असेल तर जाडी उगाच जास्त दिसते. उलट पोर्फिरी प्रकारात, म्हणजे मोठ्या खडकात तांबं बारीक विखुरलेलं असतं तिथे, ०.५ टक्का तांबंही चांगलं, फक्त साठा प्रचंड आणि वरच्या थरात हवा.

सोन्याच्या बाबतीत मी जास्तच कडक आहे. ब्री-एक्स या कॅनडाच्या कंपनीच्या इंडोनेशियातल्या बुसांगच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं हे १९९७ मध्ये उघड झालं, म्हणून प्रयोगशाळेची परीक्षा घेणाऱ्या ब्लँक (धातू नसलेला), डुप्लिकेट (त्याच नमुन्याची दुसरी प्रत), स्टँडर्ड (प्रमाण आधीच माहीत असलेला) या नमुन्यांचे रिझल्ट मागायचेच, आणि कोअर, म्हणजे ड्रिलमधून निघालेला खडकाचा दांडा, जपून ठेवलेला असेल तर स्वतः जाऊन बघायचा.

बाकी हक्काची कागदपत्रं, जुनी रॉयल्टी (आधीच्या मालकाचा उत्पन्नातला राखलेला हिस्सा), पाणी, रस्ता हे वकील आणि नकाशा घेऊन तपासा. पण गावकऱ्यांशी बोलणं झालंय का, हे मी पैशांच्या आधी विचारतो.