खंडणी कोणाला दिली?

ठाण्यात तलावपाळीजवळचे जुने चर्च ज्या बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या नावाचे आहे, त्यानेच येशूला पाहून ‘हा पाहा, जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’ असे उद्गार काढले होते. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ आला की माझे ख्रिस्ती नसलेले स्नेही या उद्गाराबद्दल एक प्रश्न विचारतात आणि तो मला अगदी रास्त वाटतो. ज्याचे कर्म त्यानेच भोगायचे, तर एकाच्या पापाचे प्रायश्चित्त दुसऱ्याने कसे घ्यायचे? आणि निरपराधाचे रक्त सांडल्याखेरीज क्षमा न करणाऱ्या देवाला दयाळू कसे म्हणायचे?

हा आक्षेप बायबललाही ठाऊक आहे. मुलाने बापाच्या पापाचा भार वाहायचा नाही, असे यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात स्वच्छ सांगतो. ‘देवाचा कोकरा’ म्हणजे बळी द्यायचा कोकरा, म्हणून आधी बळी म्हणजे काय ते नीट पाहावे लागते. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. त्यात दोन बकरे असत. एकाचा वध करून त्याचे रक्त परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या गाभाऱ्यात, दयासनावर (कराराच्या कोशाच्या झाकणावर) शिंपडले जाई. दुसऱ्याच्या मस्तकावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवून लोकांची सर्व पापे कबूल करी आणि तो बकरा जिवंत अरण्यात सोडला जाई. ज्याच्यावर पापे लादली जात तो मारला जात नसे, आणि जो मारला जाई त्याला कोणाच्या वाट्याची शिक्षा होत आहे, असे तिथे म्हटलेलेच नाही. त्याचे रक्त पवित्रस्थान शुद्ध करण्यासाठी होते. पुढच्याच अध्यायात परमेश्वर म्हणतो की रक्तात जीव असतो आणि प्रायश्चित्तासाठी वेदीवर ते मीच तुम्हांला दिले आहे. देणारा देव आहे, ही गोष्ट आपल्या प्रवचनांतून फार सहज निसटते. (टेंभी नाक्याजवळच्या १८७९ सालच्या सिनेगॉगमुळे ठाणेकरांना परिचित असलेला बेने इस्राएल हा ज्यू समाज हा दिवस उपवास आणि प्रार्थनेने पाळतो, यरुशलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये पडल्यापासून बळी मात्र उरलेले नाहीत.)

येशूने आपले जीवन ‘पुष्कळांच्या खंडणीसाठी’, म्हणजे त्यांच्या सुटकेची किंमत म्हणून, असल्याचे सांगितले. ही खंडणी कोणाला दिली? सैतानाला, असे तिसऱ्या शतकातील ओरिजेन या धर्मपंडिताने सुचवले. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरी या बिशपने ते साफ नाकारले: लुटारूला देवाच्या पुत्राची किंमत मिळावी, हे लाजिरवाणे आहे, आणि पित्यालाही ती नको होती, कारण त्याने अब्राहामाचा मुलगा इसहाक याचासुद्धा बळी स्वीकारला नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडिताने देवाच्या मानाची भरपाई हा विचार मांडला, तर सोळाव्या शतकात कायदा शिकलेल्या कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाने आपल्याऐवजी ख्रिस्ताने भोगलेल्या शिक्षेवर भर दिला. प्राचीन चर्चच्या महासभांनी यांपैकी कोणत्याही एका उपपत्तीवर शिक्कामोर्तब केले नाही, आणि ते योग्यच झाले, असे मला वाटते.

मला स्वतःला प्रेषित पौलाचे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते: ‘देव ख्रिस्तामध्ये स्वतःबरोबर जगाचा समेट करत होता.’ रागावलेल्या पित्याला शांत करण्यासाठी पुत्र मध्ये पडला, असे चित्र या वाक्यात बसतच नाही. सावकाराने कर्ज माफ केले तरी तूट नाहीशी होत नाही, ती त्याच्याच पदरी पडते. तसेच क्षमेचे मोल क्षमा करणाऱ्यानेच सोसलेले असते, आणि वधस्तंभावर ते देवाने सोसले. राहिला कर्माचा प्रश्न. पौलाच्या मते विश्वासणारा बाजूला उभा राहून दुसऱ्याचे मरण पाहत नाही. बाप्तिस्म्याने तो ख्रिस्ताच्या मरणात सामील होतो, त्याच्याबरोबर पुरला जातो आणि नव्या जीवनात चालू लागतो. त्याचा ‘जुना मनुष्य’, म्हणजे पापाच्या अधीन असलेला पूर्वीचा तो, शिक्षेतून सुटत नाही, तो ख्रिस्ताबरोबर वधस्तंभी जातो.

१३२१ मध्ये याच ठाण्यात तोलेन्तिनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन धर्मबंधू आणि त्याचे तीन सोबती ख्रिस्ताच्या नावासाठी मारले गेले. त्यांच्या रक्ताने कोणाचे पाप धुतले गेले, असे चर्चने कधी म्हटले नाही. बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रानुसार ख्रिस्ताचे ते अर्पण एकदाच आणि सर्वकाळासाठी झाले आहे. हुतात्मे त्या अर्पणात भर घालत नाहीत, ते त्याची साक्ष देतात.